हॅगर्टी कुणाला निरोप देत नाही

अतुल मेश्राम नेमकं काय काम करतो, हे ॲरिझोनातल्या चँडलरच्या मराठी मंडळात आजवर कुणाला धड समजलेलं नाही. पिकनिकला कुणीतरी नवा माणूस भेटतो. तो चिप कंपनीत असतो, कारण इथे जो तो चिप कंपनीतच असतो, आणि तो विचारतो, तू कुठल्या ग्रुपमध्ये? अतुल सांगतो, कॉलेजच्या फुटबॉल टीमचा व्हिडिओ बघतो. समोरचा हसतो. मग हा थट्टा करत नाहीये हे लक्षात आलं की जरा काळजीने विचारतो, म्हणजे साइडला का? साइडला नाही. पूर्ण वेळ, आणि सीझनमध्ये त्याच्याही वर.

फुटबॉल म्हणजे इथला फुटबॉल. त्यात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो आणि पोरं चिलखत घालून एकमेकांच्या अंगावर जातात. दर डावाचं तीन-चार बाजूंनी चित्रण होतं. अतुल ते कापतो, जुळवतो आणि प्रत्येक कोचला त्याच्या त्याच्या पोरांचे तुकडे काढून देतो. कुणाचा पाय आधी उचलला गेला, कुणाची नजर भलतीकडे होती, हे मैदानावर कुणाला दिसत नाही, अतुलच्या खोलीत दिसतं. त्याला या कामाचं वेड आहे. वेडच म्हणायचं, कारण नागपूरच्या इंदोऱ्यातून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेला हा माणूस चिप कंपनीत चांगला रुळला होता. ग्रीन कार्डाची वाट बघण्यात त्याची वर्षं गेली, आणि कार्ड हातात पडल्यावर लोक जिथे मोठं घर घेतात, तिथे याने नोकरी सोडली आणि विद्यार्थी असताना जिथे केबली गुंडाळायचा त्याच खोलीत निम्म्या पगारावर परत गेला. बायको उपासना फार्मासिस्ट आहे, म्हणून निभावलं.

त्या खोलीचा, मैदानाचा आणि सगळ्याच गोष्टींचा मालक म्हणजे हेड कोच हॅगर्टी. साठीचा, किडकिडीत, पडेल आवाजाचा माणूस. लोकांना वाटतं कडक कोच म्हणजे ओरडणारा. हॅगर्टी ओरडत नाही. अंधाऱ्या खोलीत तो एखाद्या पोराचा तुकडा पडद्यावर लावायला सांगतो, संपला की म्हणतो, पुन्हा. पुन्हा लावायचा. पुन्हा. त्या पोराला स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत हे चालतं, आणि दिसली की हॅगर्टी पुढच्याकडे वळतो. शाबासकी नावाची गोष्ट त्याच्या गावी नाही. तरीही त्याच्या हाताखालून गेलेली पोरं पुढे जिथे जातात तिथे उजवी ठरतात, म्हणून येणाऱ्यांची कमी नसते.

जाणाऱ्यांचीही नसते. पूर्वी पोरगं एकदा कॉलेजात आलं की शिक्षण संपेपर्यंत तिथेच खेळायचं. आता सीझन संपला की पोर्टल उघडतं. त्यात स्वतःचं नाव घातलं की पोरगं मोकळं, आणि बाकीची कॉलेजं त्याला ओढायला मोकळी. कोचांचंही तसंच. हिवाळा आला की त्या इमारतीत कोण राहणार आणि कोण जाणार याचीच कुजबुज असते. धड कुणाचं कामात लक्ष नसतं, धड कुणी रजेवर जात नाही.

हॅगर्टीची यावर एक पद्धत आहे. जाणारा त्याच्या खोलीत येतो, मी जातोय म्हणतो. हॅगर्टी उठून उभा राहतो. उजव्या हाताने हात मिळवतो, डावा हात पुढे करून इमारतीचं कार्ड मागतो. एवढंच. का, कुठे, कधी, काही विचारत नाही. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत लॉकर रिकामा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये त्याची खुर्ची नसते, आणि फट दिसू नये म्हणून बाकीच्या खुर्च्या सरकवून जवळ घेतलेल्या असतात. नव्या पोरांना शिकवण्यासाठी चांगल्या खेळाच्या तुकड्यांची एक फिल्म लावतात, त्यातून त्याचे तुकडे गेलेले असतात. त्याचं नाव कुणी काढत नाही. आपल्याकडे पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीचं नाव घरात काढत नाहीत, तसं.

आणि खुर्ची काढायचं काम अतुलचं. त्याला कुणी नेमलं नव्हतं. पहिल्याच हिवाळ्यात हॅगर्टी म्हणाला, ती खुर्ची बाहेर न्या, आणि अतुल सगळ्यांत जवळ उभा होता. अंगावर आलेलं काम टाकायचं नाही हा त्याच्या घरातला गुण म्हणा की खोड म्हणा. तेव्हापासून सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो खुर्ची उचलतो, मागच्या भांडारघरात ठेवतो, मग आपल्या खोलीत बसून त्या माणसाचे तुकडे फिल्ममधून काढतो. जाणारी पोरं त्याच्याशी येऊन बोलायची. कुणी रडायचं, कुणी म्हणायचं, कोचला माझा नमस्कार सांग. अतुल हो म्हणायचा, आणि सांगायचा नाही. ही माणसं टिकली नाहीत, आपण टिकलो, असं त्याला मनातून वाटे. आपली गोष्ट वेगळी आहे, असंही वाटे. ती का वेगळी असावी, हे त्याने कधी स्वतःला विचारलं नाही.

या हिवाळ्यात बून गेला. बून बचावाच्या फळीचा कोच, दांडगा, मोठ्याने हसणारा, हॅगर्टीकडे सगळ्यांत जुना. जॉर्जियातल्या एका कॉलेजात त्याला वरची जागा मिळाली. त्याचं कार्ड घेतलं गेलं, अतुलने त्याची खुर्ची भांडारघरात नेली, आणि त्याच दुपारी बूनने पार्किंगमध्ये गाठून अतुलला म्हटलं, तू चल माझ्याबरोबर. तिथला सगळा व्हिडिओ विभाग तुझ्या हाताखाली. अल्फारेटा गाव जवळ आहे, तिथे तुमचे लोक भरपूर आहेत.

अल्फारेटात उपासनाची बहीण शोभना राहते. उपासनाने दोन रात्री विचार केला आणि हो म्हणाली. मैत्री, त्यांची मुलगी, तेरा वर्षांची, ती म्हणाली, 'व्हॉटेव्हर, ॲज लाँग ॲज आय गेट माय ओन रूम.' म्हणजे सगळं ठरलं. राहिलं एकच, हॅगर्टीला सांगणं.

आणि तेच होईना. रोज सकाळी अतुल त्याच्या दारापर्यंत जायचा आणि काहीतरी काम काढून परतायचा. एकदा तर आतही गेला आणि प्रोजेक्टरच्या बल्बबद्दल बोलून बाहेर आला. घरी त्याला एका जागी बसवेना. टीव्ही लावायचा, बंद करायचा, गॅरेजमध्ये जायचा, तिथे कशाला आलो हे विसरायचा. नव्या नोकरीची भीती नव्हती. त्याला हवं होतं ते सांगायलाही लाज वाटावी इतकं साधं होतं. हॅगर्टीने जाताना काहीतरी बोलावं. कामाबद्दल एखादं वाक्य. इतके हिवाळे त्याने या माणसासाठी लोकांच्या खुर्च्या उचलल्या, आपल्यासाठी तो एवढं करेल, असं त्याला एका घटकेला वाटे आणि दुसऱ्या घटकेला तो पुढे आलेला डावा हात दिसे.

हे सगळं बाबा बघत होते. भानुदास मेश्राम, वीज मंडळातून निवृत्त झालेले हेडक्लार्क, आणि अतुलची आई जाईबाई सहा महिन्यांसाठी आले होते. ॲरिझोनाच्या उबदार हिवाळ्यातही बाबा कानाला मफलर गुंडाळून कॉलनीत फेऱ्या मारत. अतुलच्या बदलीचं त्यांना ठाऊक होतं. ते याला बदलीच म्हणत. कुणापाशी बोलू नका एवढं अतुलने बजावलं होतं, आणि त्यात काही धोका नव्हता. कुठली फाइल कधी उघडायची हे बाबांना चांगलं कळतं.

एका संध्याकाळी त्यांनी सहज विचारलं, बूनसाहेबांचा निरोप समारंभ कधी आहे?

अतुल म्हणाला, तसं काही नसतं. बाबांना वाटलं, मुलाला प्रश्न समजला नाही. त्यांनी पुन्हा समजावून विचारलं. सेंड-ऑफ. हार, फुलं, चहा-फराळ, साहेबांचं भाषण. अतुलने मग हॅगर्टीची पद्धत सांगितली, कार्ड, लॉकर, खुर्ची. खुर्ची कोण उचलतं हेही सांगून टाकलं. 

'काहून रे बापा,' बाबा म्हणाले, 'माणूस इतकी वर्षं कामाला होता. तो जाताना त्याच्याबद्दल कोणी दोन शब्द बोललं नाही, तर त्याला कळणार कसं, आपण इथे होतो म्हणून?'

हे कोण बोलतंय हे अतुलला माहीत होतं. वीज मंडळातल्या त्यांच्या ऑफिसात निरोप समारंभ म्हणजे मेश्रामबाबू असं समीकरण होतं. वर्गणी तेच गोळा करत, हार तेच आणत, साहेबांना भाषणाचे मुद्दे तेच लिहून देत. लाइनमनची बदली असो की इंजिनियरची, ज्याने त्यांचा गोपनीय अहवाल बिघडवला त्या साहेबाचाही समारंभ त्यांनी मन लावून केला. आणि बाबांच्या स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी साहेब रजेवर गेले. बाकीचे एकेक करून पाच वाजायच्या आत पांगले. बाबा रोजच्यासारखे डबा घेऊन सायकलवरून घरी आले. अतुल तेव्हा इथे एम.एस. करत होता, आईने फोनवर सांगितलं. असं का झालं, ते बाबांनी कधी बोलून दाखवलं नाही, आणि इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीत ते कुणाला विचारावं लागत नाही.

तर बाबांनी ठरवलं की समारंभ आपण करू. घरीच, शनिवारी दुपारी. अतुलला वाटलं, बरंच आहे. घरात कोण बघतंय, आणि बूनशी जॉर्जियाचं बोलणंही होईल. बूनला इतका आनंद झाला की त्याने निघण्याचा दिवस पुढे ढकलला. दरम्यान बाबांनी अतुलचं ऑफिस बघायची इच्छा धरली. अतुल एका सकाळी त्यांना घेऊन गेला, मैदान दाखवलं, आपली खोली दाखवली, आणि एक केबल बदलायची होती म्हणून त्यांना थोडा वेळ बाहेर बाकावर बसवून गेला. परत आला तेव्हा बाबा तिथेच बसले होते आणि खुशीत दिसत होते.

शनिवारी सकाळी घरभर पाटवडीच्या रश्श्याचा वास सुटला होता. जाईबाई काढलेल्या ताटांकडे बघत म्हणाल्या, 'साहेब एकटेच येतील का बाईंना घेऊन? एक ताट जास्तीचं काढू का?'

'कुठले साहेब?' अतुलने विचारलं.

कुठले म्हणजे, मोठे. बाबांनी शांतपणे सांगितलं. त्या दिवशी ते बाकावर बसले असताना हॅगर्टी समोरून आला. बाबांनी उठून ओळख करून दिली आणि शनिवारी जेवायला या म्हणून आमंत्रण दिलं. साहेबाशिवाय निरोप समारंभ कसा होईल? अध्यक्ष कोण? बूनचं नाव घेतलं होतं का, अतुलने विचारलं. बाबा आठवून म्हणाले, नाही, ते घ्यायचं राहिलं. साहेब ओके म्हणाले आणि घड्याळ बघून गेले.

उपासना आधी हसली, मग अतुलचा चेहरा बघून थांबली. 'बूनला फोन करून कॅन्सल कर ना यार,' ती म्हणाली. पण बून घरातून निघाला होता. हॅगर्टीला फोन करायचा प्रश्नच नव्हता, हॅगर्टीला कुणी फोन करत नाही. अतुल खिडकीशी गेला, दाराशी गेला, पुन्हा खिडकीशी आला. ज्या माणसाचं नावही इमारतीत काढायचं नाही, त्याच्या शेजारी हॅगर्टीला आपल्या सोफ्यावर बसवायचं. वर बून जाता जाता आपल्यालाही घेऊन जाणार. हे सगळं एकाच दुपारी, पाटवडीबरोबर. त्याला बाबांचा असा राग आला की बोलता येईना, आणि त्या मफलर गुंडाळलेल्या माणसाकडे बघितल्यावर तो राग कुठे ठेवावा तेही कळेना.

बून आला. सामानाने भरलेला त्याचा ट्रक घरासमोर उभा राहिला, बाजूला टीमचं चिन्ह अजून तसंच. बूट काढून तो आत आला आणि वासाने खूश झाला. त्याला सांगावं की न सांगावं या विचारात अतुल असतानाच खिडकीतून हॅगर्टीची गाडी दिसली. ती हळू झाली. ट्रकपाशी जवळजवळ थांबली. आणि वेग घेऊन पुढे निघून गेली.

अतुलला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. पण गल्ली पुढे बंद आहे. गाडीला वळून परत याच दारावरून जाणं भाग होतं. ती परत आली तेव्हा बाबा रस्त्याच्या मधोमध उभे होते, स्वेटर, मफलर, दोन्ही हात जोडलेले. हॅगर्टीला थांबावंच लागलं. बाबांनी त्याचं दार उघडलं, हाताला धरून त्याला उतरवलं आणि वेलकम सर, वेलकम सर म्हणत आत आणलं. शूज हिअर, सर.

हॅगर्टीने पायमोज्यांत उभं राहून खोलीत बघितलं. बून उठून उभा राहिला.

'कोच,' बून म्हणाला.

'बून,' हॅगर्टी म्हणाला.

 पुढे कुणाला काही बोलू दिलंच नाही, कारण बाबांचा कार्यक्रम ठरलेला होता. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या, एकीवर अध्यक्ष, दुसरीवर सत्कारमूर्ती. दोघे मांडीवर हात ठेवून शेजारी शेजारी बसले, एकमेकांकडे न बघता. मैत्रीने बूनला फुलांचा गुच्छ दिला, जाईबाईंनी एक पुस्तक दिलं. मग बाबा उभे राहिले आणि त्यांच्या वीज मंडळाच्या इंग्रजीत बोलले. मिस्टर बून हे अत्यंत सचोटीचे, वक्तशीर आणि मनमिळाऊ कर्मचारी होते, त्यांच्या जाण्याने कार्यालयात पोकळी निर्माण झाली आहे, असं त्यांनी सांगितलं. ते बूनला तासाभरापूर्वी पहिल्यांदा भेटले होते. शेवटी म्हणाले, आता मी अध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी दोन शब्द बोलावेत. आणि टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

अतुलने मान खाली घातली. हॅगर्टी उठून निघून जाईल अशी त्याची खात्री होती. हॅगर्टी उठला, पण गेला नाही. गुडघ्यांवरून हात फिरवून उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात बोलू लागला, इतक्या हळू की स्वयंपाकघरातला पंखा उपासनाने बंद केला.

बूनचे रिपोर्ट नेहमी उशिरा आले, तो म्हणाला. एकदाही वेळेवर नाही. मिस्टर मेश्राम वक्तशीर म्हणाले, तो बूनचा भाऊ असेल. त्याचं पाठांतर कच्चं आहे, सामन्याच्या आधी त्याच्या पोटात गोळा येतो. बून हसला, बाकी कुणी हसलं नाही. 

'धडक मारताना मान खाली घातली तर मान मोडते,' हॅगर्टी म्हणाला. 'डोकं वर ठेवायचं हे शिकवायला सगळ्यांत कंटाळवाणं. टाळ्या त्याला पडत नाहीत. बूनने रोज तेच शिकवलं. पोरं वैतागली, मी वैतागलो. त्याच्या हाताखालचं प्रत्येक पोर स्वतःच्या पायांनी चालत कॉलेजातून बाहेर पडलं.'

आणि तो खाली बसला. बून गुच्छाकडे बघत राहिला. एवढा दांडगा माणूस, पण त्याला मान वर करता येईना. अतुलला ते ऐकून बरं वाटलं, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ हाव सुटली. आता माझ्याबद्दल बोल, असं त्याला वाटलं. तिथल्या तिथे.

जेवणं झाली. रश्श्याने हॅगर्टीच्या कपाळावर घाम आला तरी त्याने ताट पुढे केलं. बाबांनी त्याला विचारलं, साहेब, हे ऑफिसातच का नाही करत? हॅगर्टी म्हणाला, दर हिवाळ्यात इतकी माणसं जातात की तेवढे दफनविधीच करत बसावं लागेल. बाबांनी त्यावर विचार केला.

'पण सर,' ते म्हणाले, 'मेलेल्या माणसाबद्दल तर आपण दोन शब्द बोलतोच. हा जिवंत आहे.'

 हॅगर्टीने पाटवडी आणखी आहे का, एवढं विचारलं.

तो निघाला तेव्हा बाकीचे आत चहाला बसले होते. अतुल दारापर्यंत सोडायला गेला. हॅगर्टी बुटांच्या बाकावर बसून नाड्या बांधत होता. वर न बघता तो म्हणाला, 'बून तुला नेतोय.'

 सोमवारी सांगणार होतो, अतुल म्हणाला. हॅगर्टी दुसऱ्या बुटाकडे वळला. 'आज सांग.'

'मी जातोय, कोच.'

हॅगर्टी उभा राहिला. उजव्या हाताने हात मिळवला. डावा हात पुढे केला. कार्ड दाराशेजारी किल्ल्यांच्या खिळ्याला लटकत होतं. अतुलने ते काढून त्याच्या हातात ठेवलं आणि वाट बघितली. हॅगर्टीने कार्ड खिशात टाकलं, दार उघडलं आणि पायऱ्या उतरून गेला.

बस्स, एवढंच. इतकी वर्षं जे तो दुसऱ्यांचं बघत आला, तेच, तसंच, त्याच्या स्वतःच्या दारात. अतुलला संताप आला. बूनला भाषण आणि मला खिळ्यावरचं कार्ड? मग रागाच्या खालची लाज वर आली. किती जण त्याच्याकडे येऊन रडले होते, आणि त्याला वाटायचं, ही माणसं टिकली नाहीत. आपली गोष्ट वेगळी नव्हतीच. कुणाचीच नसते. त्यांना निदान दोन शब्द बोलायला आपल्याला कुणी मनाई केली नव्हती, आणि आपण खुर्च्या उचलत राहिलो. उघड्या दारात उभं राहून त्याला हे इतकं स्वच्छ दिसलं की आत जाऊन चहा पिणं शक्य नव्हतं.

तो तसाच अनवाणी ड्राइव्हवेवर गेला. हॅगर्टी गाडीचं दार उघडत होता.

'दोन मिनिटं थांबा,' अतुल म्हणाला. 'तुम्ही बोलणार नसाल तर मी बोलतो.'

हॅगर्टी थांबला. अतुलने काही ठरवलं नव्हतं, जे तोंडात आलं ते बोलत गेला. पहिल्या सीझनला मी तुम्हाला एक फिल्म कापून दिली, तो म्हणाला, आक्रमणाच्या फळीची. पोरांचे पाय चौकटीच्या बाहेर राहिले होते. तुम्ही ओरडला नाहीत. पुन्हा करा म्हणालात. मी केली, तुम्ही पुन्हा म्हणालात. दिवसभर. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की माझा अपमान झाला, मी चिप कंपनीत परत जातो. नंतर माझ्या लक्षात आलं की तो सगळा वेळ तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. हेड कोच, सामना तोंडावर, आणि तुम्ही एका नवशिक्याच्या शेजारी बसून पाय बघत होतात. मला काम करायला माझ्या वडिलांनी शिकवलं. बघायला तुम्ही शिकवलं. मी जिथे जाईन तिथे तुमच्याच डोळ्यांनी बघेन, तुम्हाला आवडो न आवडो. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, कारण तुम्ही कुणाला तेवढा वेळ उभं राहू देत नाही. म्हणून सांगितलं.

बोलून झाल्यावर त्याला धाप लागली होती. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकत होता. हॅगर्टी गाडीच्या दारावर हात ठेवून उभा होता, पडद्यावरचा तुकडा बघताना उभा असतो तसा.

'आक्रमणाची नव्हती,' तो म्हणाला. 'बचावाची होती. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. तिसरा कॅमेरा पावसात भिजला म्हणून तू दुसऱ्याचं लावलंस, म्हणून पाय कापले गेले. आणि दिवसभर नाही. दुपारी तू डबा खायला गेलास, मला अर्धा दिलास.'

 डब्याचं अतुल साफ विसरला होता.

'बूनचे रिपोर्ट उशिरा येतात,' हॅगर्टी म्हणाला. 'त्याच्या मागे लागत जा.'

तो गाडीत बसला आणि गेला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत अतुल बघत राहिला. मागे चपलांचा आवाज झाला. बाबा त्याच्या सपाता घेऊन आले होते, त्या त्यांनी त्याच्या पायांपुढे ठेवल्या.

'काय म्हणाले साहेब?'

'काही नाही,' अतुल म्हणाला. त्याने सपाता पायात घातल्या. 'माझी चूक काढली.'

बाबांनी रिकाम्या रस्त्याकडे बघितलं आणि मफलर सारखा केला.

'मग बोलले की,' ते म्हणाले.